वर्षभर पाठीवर बॅग टाकून जग फिरायचं तर पैशांचा हिशोब कसा मांडायचा

किती पैसे लागतात असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "काही लागत नाही, निघायचं फक्त" आणि दुसरं म्हणजे एखादा गोल आकडा, वीस हजार डॉलर, तीस हजार डॉलर, जो कुठून आला हे सांगणाऱ्यालाही धड माहीत नसतं. दोन्हीचा उपयोग शून्य. आकडा तुमचा तुम्हालाच काढावा लागतो, आणि त्याला एक मोकळी संध्याकाळ, एक स्प्रेडशीट आणि स्वतःशी थोडा खरेपणा एवढंच लागतं. मी इथे सगळं डॉलरमध्ये मांडतेय कारण निम्म्या जगात व्हिसा आणि टूरचे भाव डॉलरमध्येच सांगतात, तुम्ही तुमच्या चलनात करा.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे म्हणून ती आधीच सांगते. लांबच्या ट्रिपचा खर्च मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो, तुम्ही कुठल्या भागात किती दिवस आहात आणि किती वेळा जागा बदलता. हॉस्टेलमध्ये दोन डॉलर वाचवणं, पाण्याची बाटली भरून घेणं, हे सगळं करा जरूर, पण त्याने वर्षाचा आकडा फारसा हलत नाही. नकाशा बदलला की हलतो.

पायरी १: देश नाही, दिवस वाटा

बहुतेक लोक देशांची यादी करतात. यादीने काही कळत नाही. शीटमध्ये पहिल्या कॉलमला भाग लिहा, दुसऱ्याला दिवस, तिसऱ्याला रोजचा अंदाजे खर्च. भाग म्हणजे मोठे तुकडे, आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, बाल्कन (युरोपचा आग्नेय कोपरा), पश्चिम युरोप, असे. पंधरा-वीस देश सुटे लिहित बसलात तर प्रत्येकाचा आकडा शोधण्यात आठवडा जाईल आणि अचूकपणा तरीही येणार नाही.

रोजचा खर्च म्हणजे झोपणं, खाणं, गावातल्या गावात फिरणं, छोटी तिकिटं, सिम कार्ड, लाँड्री, संध्याकाळची बिअर. लांबची विमानं, व्हिसा, इन्शुरन्स, मोठे ट्रेक यात धरायचे नाहीत, त्यांच्या ओळी वेगळ्या. इथेच सगळा गोंधळ होतो, कुणी म्हणतं मी रोज पंचवीस डॉलरमध्ये फिरलो, कुणी म्हणतं साठ लागले, आणि दोघंही खरं बोलत असतात, एकाने विमान धरलेलं नसतं आणि दुसऱ्याने डायव्हिंगचा कोर्सही त्यातच धरलेला असतो.

डॉर्ममध्ये (हॉस्टेलची अनेक बेडची सामायिक खोली) झोपणाऱ्या, बसने जाणाऱ्या, साधं खाणाऱ्या एका माणसासाठी मी सुरुवातीला हे धरते: लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया या पट्ट्यात ३५, बोलिव्हिया-पेरू-कोलंबिया-ग्वाटेमालाच्या बाजूला ४५, बाल्कन आणि तुर्की ५५, जपान आणि पश्चिम युरोप ९०. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला नव्वदही पुरेल असं समजू नका, तिथे स्वतः स्वयंपाक करणारा आणि न करणारा यांच्या खर्चात प्रचंड फरक पडतो. हे अंदाज आहेत, सुरुवात करण्यापुरते. निघायच्या आधी प्रत्येक भागातल्या दोन गावांचे डॉर्मचे भाव बुकिंग साइटवर तुमच्या तारखा टाकून बघा आणि डॉर्मच्या भावाला तीनने गुणा, गरीब देशांत हे ढोबळ गणित बऱ्यापैकी जुळतं, श्रीमंत देशांत जरा कमी भरतं.

तारखा टाकूनच बघा, नुसता देश बघून नाही. व्हिएतनाममध्ये तेतच्या म्हणजे नववर्षाच्या दिवसांत, थायलंडमध्ये सोंगक्रानला म्हणजे तिथल्या नववर्षाला, जपानमध्ये एप्रिल संपता संपता येणाऱ्या गोल्डन वीकच्या सलग सुट्ट्यांमध्ये आणि रिओत कार्निव्हलला भाव वेगळेच असतात, आणि भाव सोडा, बसमध्ये सीटच मिळत नाही.

दोघं जात असाल तर थोडं सुखाचं आहे. स्वस्त देशांत दोन डॉर्म बेडच्या पैशात साधी डबल रूम बऱ्याचदा मिळून जाते, टॅक्सी निम्मी पडते. म्हणजे दोघांचा खर्च एकट्याच्या दुप्पट होत नाही, थोडा कमीच होतो.

पायरी २: किती वेळा बॅग भरणार ते मोजा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग सहाव्या महिन्यात पैसे कुठे गेले ते शोधत बसतात.

गाव बदलायचा एक दिवस जवळून बघा. सकाळी चेकआउट, बस स्टँडपर्यंत रिक्षा किंवा टॅक्सी कारण बस स्टँड गावाबाहेर असतो, बसचं तिकीट, वाटेत जिथे बस थांबते तिथलं महागडं जेवण (दुसरा पर्यायच नसतो), उतरल्यावर अंधार पडलेला म्हणून परत टॅक्सी, आणि नव्या गावात काही माहीत नाही म्हणून पहिलं जेवण हॉस्टेलच्या शेजारच्या पर्यटकांच्या हॉटेलात. बसचं तिकीट आठ डॉलरचं असेल पण तो दिवस तुम्हाला वीस डॉलर जादा पडतो. शिवाय त्या दिवशी काही बघून होत नाही ते वेगळंच.

आता गणित करा. वर्षभर दर चार दिवसांनी हललात तर साधारण ९१ वेळा बॅग भरली. दर दहा दिवसांनी हललात तर ३६ वेळा. फरक ५५ हलण्यांचा, प्रत्येकी वीस डॉलर धरले तरी अकराशे डॉलर. आणि एका जागी आठवडा राहिलात की हॉस्टेलवाला भाव कमी करतो, भाजी कुठे स्वस्त मिळते ते कळतं, स्थानिक माणसं जिथे जेवतात ती खाणावळ सापडते. हळू फिरणं हा अध्यात्मिक वगैरे सल्ला म्हणून लोक देतात, मी तो निव्वळ हिशोबी माणूस म्हणून देतेय.

तर शीटमध्ये चौथा कॉलम करा, या भागात किती वेळा हलणार. शंभर दिवसांत पंचवीसच्या वर आकडा गेला तर यादीतली गावं उडवा.

रात्रीची बस किंवा ट्रेन हा चांगला उपाय आहे, एक रात्रीचं भाडं वाचतं. पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिनात रात्रीच्या बस सर्रास असतात आणि कामा म्हणजे जवळजवळ आडवी होणारी सीट घेतली तर झोपही होते, हनोईहून दानांगला स्लीपर ट्रेन आहे. पण ओळीने तीन रात्री बसमध्ये काढून चौथ्या दिवशी वैतागून चांगल्या हॉटेलची रूम घेणारे खूप बघितलेत, मग वाचलं काय.

नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात सरळ असतेच असं नाही. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये डॅरिएन गॅप आहे, साधारण शंभर किलोमीटरचं जंगल, तिथे रस्ताच नाही. मध्य अमेरिकेतून दक्षिणेत बसने जाईन असं धरलेलं असतं आणि तिथे येऊन विमान किंवा सॅन ब्लास बेटांवरून जाणारी शिडाची बोट घ्यावी लागते, आणि बोट विमानापेक्षा स्वस्त नसते. दिवस मात्र मस्त जातात, तो खर्च मजेच्या ओळीत टाका.

पायरी ३: लांबची विमानं

जगाला फेरी मारणारं एकच तिकीट मिळतं. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटांकडे ते आहे, स्टार अलायन्सचं मैलांवर आणि वनवर्ल्डचं एक्सप्लोरर किती खंड घेता त्यावर. जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, एकाच दिशेने पुढे जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचा. कुठल्या देशातून सुरुवात करता त्यावर किंमत बरीच बदलते, त्यामुळे स्वस्त देशापर्यंत साध्या तिकिटाने जाऊन तिथून सुरू करणारेही आहेत.

माझं मत विचाराल तर ज्याला सहा-सात लांब उड्या मारायच्यात, आडवळणाची ठिकाणं घ्यायचीत आणि तारखा आधी ठरवायला हरकत नाही, त्याने हे तिकीट जरूर तपासावं. बाकीच्यांनी एकेरी तिकिटं सुटी घ्यावीत. चार-पाच लांब उड्या, प्रत्येकी सरासरी पाचशे डॉलर धरा, आणि तारखांना एकदोन आठवडे इकडेतिकडे करायची तयारी ठेवा.

एकेरी तिकिटावर जाताना एक अडचण येते. न्यूझीलंड, फिलिपिन्स, कोस्टारिकासारखे देश पुढे बाहेर जाण्याचं तिकीट मागतात, आणि ते इमिग्रेशनवाला विचारायच्या आधी चेक-इन काउंटरवरचाच विचारतो. तिकीट नसेल तर उभ्या उभ्या फोनवर मिळेल ते महागडं तिकीट काढावं लागतं. म्हणून अशा देशात जाण्याआधी बाहेर पडायची स्वस्त बस किंवा विमान आधीच काढून ठेवा, नाहीतर पैसे परत मिळणारं तिकीट घ्या.

स्वस्त विमान कंपन्यांचं तिकीट बघताना बॅगेचे पैसे मिळवूनच तुलना करा. एअर एशियात हातातलं सामान ७ किलो, त्याच्या वर गेलं की पैसे, आणि विमानतळावर भरायला गेलात तर ऑनलाइनपेक्षा जास्त. चाळीस लिटरची बॅग आणि कमी कपडे हा यावरचा कायमचा इलाज, वर्षभरात दहा छोटी विमानं घेतली तरी त्यात बॅगेची किंमत वसूल होते.

पायरी ४: व्हिसा आणि सरकारी फिया

ही ओळ पूर्णपणे तुमच्या पासपोर्टवर अवलंबून आहे, दुसऱ्याचा आकडा कॉपी करू नका. एकाला जिथे फुकट शिक्का मिळतो तिथे दुसऱ्याला मुलाखत, बँक स्टेटमेंट आणि महिनाभर वाट बघणं. प्रत्येक देशाच्या सरकारी साइटवर जाऊन बघा, पहिल्या पानावर जाहिरात देऊन बसलेल्या एजंटांच्या साइट सरकारीसारख्याच दिसतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात.

किती दिवसांचा आणि किती वेळा आत येता येणारा व्हिसा घेताय यावरही पैसे बदलतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक वेळा प्रवेशाचा ५०, दोन्ही ९० दिवसांपर्यंत. मधेच लाओसला जाऊन परत येणार असाल तर ५० वालाच घ्या, दोनदा अर्ज करायची कटकट नको. नेपाळमध्ये विमानतळावर मिळणारा व्हिसा १५ दिवसांचा ३०, ३० दिवसांचा ५० आणि ९० दिवसांचा १२५ डॉलर. तिथे ट्रेक करायचा असेल तर हवामान आणि तब्येतीला जागा ठेवून घ्या.

युरोपात शेंगेनचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम नीट समजून घ्या, कारण तो दिवसांच्या कॉलमवरच घाव घालतो. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे २९ देश मिळून. व्हिसा लागत असेल तर मोठ्यांसाठी ९० युरो, जून २०२४ पासून, आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर दाखवावं लागतं. दिवस संपले की लोक बाल्कनमध्ये सरकतात, अल्बेनिया, सर्बिया, बोस्निया हे अजून शेंगेनबाहेर आहेत आणि स्वस्तही. जुन्या लेखांत यासाठी क्रोएशियाचं नाव सापडेल, ते आता चालत नाही, १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरोही आला.

काही ठिकाणी आधी वाचलं तर सरळ पैसे वाचतात. जॉर्डनचं उदाहरण देते. पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहराचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, व्हिसा ४०, झाले ९०. जॉर्डन पास नावाचा प्रकार ७० दिनारपासून सुरू होतो, त्यात पेट्रा येतं, बाकी डझनावारी जागा येतात आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फी माफ. अट एवढीच की पोचायच्या आधी विकत घ्यायचा.

पायरी ५: मोठे खर्च वेगळे काढा, आणि भीड न बाळगता उडवा

सगळ्यांच्या मनात चारपाच स्वप्नं असतात आणि प्रत्येक स्वप्न महिन्याभराच्या जेवणाएवढं महाग असतं. ती एका ओळीत दाबू नका, एकेक सुटी लिहा, समोर किंमत लिहा.

पर्वतातले गोरिला बघायचे तर रवांडात परमिट १,५०० डॉलर आणि युगांडात ८००. प्राणी तेच, वेळ तेवढाच, साधारण एक तास. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांची प्रवेश फी बहुतेक परदेशी लोकांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये १०० वरून २०० डॉलर झाली, बेटावर पाय ठेवायचे फक्त. भूतानमध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांना दर रात्री १०० डॉलरची शाश्वत विकास फी आहे, म्हणजे तिथल्या दहा रात्रींच्या नुसत्या फीत लाओसमधला जवळजवळ महिना निघतो. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचा पास उलट्या बाजूचा, एक दिवस ३७, तीन दिवस ६२, सात दिवस ७२ डॉलर, तिथे घाई करण्यात पैशाच्या दृष्टीनेही अर्थ नाही.

आणि किंमत ताजी बघा. जपान रेल पासचं सात दिवसांचं तिकीट ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेलं. टोकियो ते क्योटो जाऊन येऊन साधारण २८,००० येन लागतात, म्हणजे तेवढंच करणाऱ्याला पास आता तोट्यात. पण "पास घ्याच" असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत.

मग या यादीतून मनापासून हवे असलेले दोन-तीन ठेवा. बाकीचे, सगळे जातात म्हणून जायचं, असे असतील तर खोडा. एका खोडलेल्या गोरिलात आग्नेय आशियातला महिना-दीड महिना निघतो.

पायरी ६: इन्शुरन्स, लसी, आणि निघण्याआधीचा खर्च

इन्शुरन्स न घेता जायचं असेल तर हा लेख इथेच थांबवा, कारण एक हाड मोडलं की वरचा सगळा हिशोब कचऱ्यात. घेताना किंमत नंतर बघा, आधी तीन गोष्टी वाचा. उंचीची मर्यादा किती, कारण एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि किलिमांजारो ५,८९५, आणि पुष्कळ पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात. हेलिकॉप्टरने खाली आणणं त्यात आहे का. आणि मोटरसायकल. व्हिएतनाममध्ये सगळे स्कूटर घेतात, पण तिथे रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारातलाच परवाना चालतो, १९४९ च्या करारातला नाही, आणि चालतं लायसन्स नसताना पडलात तर कंपनी हात वर करते. स्कूटर भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही म्हणून ते लागत नाही असं नव्हे.

लसींना वेळ लागतो म्हणून दोन-तीन महिने आधी ट्रॅव्हल क्लिनिकला जा. पिवळ्या तापाची लस आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेसाठी लागू शकते, कार्ड दहा दिवसांनंतर वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. रेबीजची लस महाग वाटते, पण आधी घेतलेली असेल तर कुत्रा किंवा माकड चावल्यावर फक्त पुढचे डोस घ्यावे लागतात, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, जे महाग तर असतंच, लहान गावात मिळतच नाही.

निघण्याआधीच्या ओळीत अजून काय काय येतं: पासपोर्टला शेवटच्या देशानंतरही सहा महिने शिल्लक आहेत का आणि कोरी पानं किती, बूट, बॅग, मागे ठेवलेलं सामान, चालू राहणारे कर्जाचे हप्ते आणि सबस्क्रिप्शन. आणि मोबाइल नंबर. तो बंद पडला तर बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि मग स्वतःच्याच खात्यातले पैसे दिसतील पण हलवता येणार नाहीत. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर रोमिंग चालू ठेवा आणि वर्षभराचे पैसे शीटमध्ये लिहा.

पायरी ७: कार्ड आणि कॅश

निघताना किमान दोन डेबिट कार्डं, वेगवेगळ्या नेटवर्कची, वेगवेगळ्या खात्यांची आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. त्यांची एक्सपायरी ट्रिपच्या मधे येत नाही ना ते बघा. मुख्य पैसे अशा खात्यात ठेवा ज्याचं कार्ड सोबत नाही, आणि रोजच्या कार्डाच्या खात्यात दोन-तीन आठवड्यांचेच टाका. कार्ड चोरीला गेलं तर तेवढेच जातील.

एटीएमवर एक पडदा येतो, त्यावर लिहिलेलं असतं की तुमच्या घरच्या चलनात रक्कम अमुक अमुक, हा दर मान्य आहे का. दोन बटणं असतात, मान्य वालं मोठं आणि हिरवं, दुसरं कोपऱ्यात करड्या रंगात. कोपऱ्यातलं दाबा. मान्य केलंत तर दर मशीनवाली कंपनी लावते, नाकारलंत तर तुमच्या कार्डाचं नेटवर्क लावतं, आणि नेटवर्कचा जवळजवळ नेहमीच बरा असतो. नाकारलं म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात. दुकानात कार्ड स्वाइप करतानाही हेच, नेहमी स्थानिक चलन.

काही देशांत एटीएम स्वतःची ठरावीक फी घेतं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाटच्या वर, शंभर काढा की वीस हजार काढा. अशा ठिकाणी एकदाच मोठी रक्कम काढायची. अशी फी नसलेल्या ठिकाणी थोडे थोडे.

सोबत दोन-तीनशे डॉलर रोख ठेवा, नव्या कोऱ्या नोटा. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो पण नोटेला नखाएवढी चीर असली तरी दुकानदार मान हलवतो, आणि चिरलेली नोट सुट्ट्यात तुम्हालाच देतो, म्हणून घेताना उलटसुलट करून बघा. इक्वेडोरमध्ये २००० सालापासून चलनच डॉलर आहे. क्युबासारख्या ठिकाणी तुमचं कार्ड चालेल असं गृहीत धरूच नका.

आणि दरांवर कुणी विसंबू नये. अर्जेंटिना कित्येक वर्षं डॉलर घेऊन येणाऱ्यांसाठी फारच स्वस्त होता, कारण रस्त्यावरचा दर अधिकृत दराच्या कितीतरी वर. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने पेसोची अधिकृत किंमत एका झटक्यात निम्म्याहून खाली आणली, पण त्यानंतर महागाई इतकी धावली की २०२४ मध्ये तो देश डॉलरवाल्यांनाही महाग पडायला लागला. म्हणून प्रत्येक भागात शिरायच्या महिनाभर आधी त्या भागाचा रोजचा आकडा पुन्हा तपासायचा.

पायरी ८: आता बेरीज

एक नमुना मांडून दाखवते, एकटा माणूस, ३६५ दिवस.

आग्नेय आशिया १२० दिवस × ३५ = ४,२००
दक्षिण आणि मध्य अमेरिका १२० × ४५ = ५,४००
बाल्कन आणि तुर्की ७५ × ५५ = ४,१२५
जपान आणि पश्चिम युरोप ५० × ९० = ४,५००
लांबची पाच विमानं २,५००
व्हिसा आणि फिया ६००
मोठे खर्च २,०००
इन्शुरन्स ९००
निघण्याआधीचं १,०००

झाले २५,२२५. यावर दहा टक्के सांडलवंड म्हणून धरा, साधारण २७,७५०. याच्या बाहेर, वेगळ्या खात्यात, दोन रकमा: कुठूनही तातडीने घरी यायच्या तिकिटाचे १,५००, आणि परत आल्यावर काम मिळेपर्यंत तीन महिन्यांचा खर्च, तो इथे ३,००० धरलाय, तुमचा तुम्ही काढा. एकूण ३२,२५० च्या आसपास.

आकडा मोठा वाटला ना? आता आकड्यांशी खेळा. वर्षभर रोज दोन डॉलर कमी खर्च केलेत, म्हणजे रोज कुरकुर करत जगलात, तर वाचतात ७३०. महागड्या भागातले ५० दिवस २० केले आणि उरलेले ३० आग्नेय आशियात टाकले तर ३० × ५५, म्हणजे १,६५० वाचतात, आणि कुणाचंही जेवण कमी होत नाही. एक लांबचं विमान उडवलं, ५०० वाचले, शिवाय एक खंड शांतपणे बघून झाला. तरी बसत नसेल तर वर्षाऐवजी आठ महिने जा, काही बिघडत नाही.

कामाच्या बदल्यात राहायला मिळतं, वर्कअवे ही साइट किंवा सेंद्रिय शेतांवर काम मिळवून देणारं, १९७१ पासून चालू असलेलं वूफ, अशा मार्गाने, त्याने राहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. पण पर्यटक व्हिसावर हे बऱ्याच देशांत कामच समजलं जातं, न्यूझीलंड तर राहण्या-जेवणाच्या बदल्यातल्या कामालाही काम मानतो. नियम वाचून मगच. आणि बजेटमध्ये याचे पैसे आधीच वजा करू नका, जमलं तर बोनस.

पायरी ९: रस्त्यावर असताना

पाचच खाती ठेवा: झोपणं, खाणं, हलणं, मजा, इतर. वीस कॅटेगऱ्या करणारा माणूस दोन आठवड्यांत हिशोब सोडून देतो. ॲप वापरा किंवा फोनमधली साधी नोट, पण रात्री बंकवर आडवं झाल्यावर, मोबाइल चार्जिंगला लावायच्या आधी, दोन मिनिटांत लिहून टाका, स्थानिक चलनातच. दोन दिवस राहिलं की आठवतं ते सगळं गोल आकड्यात आणि नेहमी कमीच आठवतं. दोघंचौघं असाल तर कुणी किती दिले ते त्याच दिवशी स्प्लिटवाइज या खर्च वाटून दाखवणाऱ्या ॲपवर टाका, पैशावरून मैत्री तुटते ती मोठ्या रकमांवरून नाही, न लिहिलेल्या टॅक्सींवरून.

एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नका, डायव्हिंगच्या दिवशी तो फुटणारच. आठवड्यातून एकदा एकच भागाकार करा: या भागासाठी ठेवलेल्यातले उरलेले पैसे भागिले या भागातले उरलेले दिवस. उत्तर ठरवलेल्या आकड्याच्या आसपास असेल तर बंद करा आणि फिरायला जा. पाचव्या हिश्शाहून जास्त खाली गेलं असेल तर आधी जागा बदलणं थांबवा, मग बिअर. हा क्रम महत्त्वाचा, कारण लोक उलटं करतात, खाण्यात चिंगूसपणा करतात आणि तिसऱ्या दिवशी दोनशे किलोमीटरची बस पकडतात. एका भागात पैसे उरले तर ते पुढच्या महागड्या भागाला द्या, त्याच भागात शेवटच्या आठवड्यात उडवायचे नाहीत.

शीटमध्ये एक ओळ लाल करून ठेवा. तातडीचं तिकीट आणि परतल्यानंतरचे तीन महिने सोडून एकूण शिल्लक महिन्याभराच्या खर्चावर आली की त्या दिवशी निर्णय घ्यायचा, घरी यायचं तिकीट काढायचं किंवा असाल तिथून सगळ्यात जवळच्या स्वस्त देशात जाऊन मुक्काम ठोकायचा. महिनाभर हाताशी असताना तिकीट बरंच स्वस्त मिळतं, चार दिवस उरल्यावर जे मिळेल ते घ्यावं लागतं.